रबरी कोंबडी

टोर्नेडोंच्या वाटेवर यंत्रं ठेवणाऱ्या वेंडेल प्रुइटच्या तुकडीत नियम एकच होता, बाकी सगळ्या सवयी. वादळाखाली असताना गाडीतल्या कुणीही "घरी" म्हटलं की चालकाने गाडी वळवायची. का म्हणून विचारायचं नाही. तेव्हा नाही, नंतर जेवताना नाही, पुढच्या वर्षीही नाही.

हा नियम वेंडेलला फुकट मिळाला नव्हता. तरुणपणी त्याचा लेस्टर नावाचा जोडीदार गाडीत बसून सारखा म्हणत होता, मला हे बरं दिसत नाही. बाकीचे त्याला विचारत होते, का रे, काय दिसलं? लेस्टर बिचारा कारण शोधत राहिला, आणि ते सापडायच्या आत गाडी गव्हाच्या शेतात उलटी पडली होती. "कारण मागितलं की माणूस कारण सापडेपर्यंत थांबतो," वेंडेल दर वसंतात नव्या माणसांना सांगायचा, "आणि वादळ थांबत नाही." त्यापुढे लेस्टरबद्दल तो काही बोलत नसे.

नियम शहाणपणाचा होता, यात वाद नाही. पण विचारायचं नाही एवढंच त्यात होतं. हसायचं नाही असं कुठे म्हटलं नव्हतं. मग व्हायचं तेच झालं. जो प्रश्न तोंडातून बाहेर पडायला बंदी, तो हसण्याच्या वाटेने बाहेर पडला.

गेल्या मे महिन्यात डेल किनर्डने "घरी" म्हटलं होतं. डेल हा ओपलचा धाकटा भाऊ. ओपल पुढच्या गाडीत वेंडेलशेजारी बसून रडारवर नजर ठेवायची आणि कुणी कुठे जायचं ते सांगायची. डेल ट्रक चालवायचा आणि कासवं टाकायचा. कासवं म्हणजे बसक्या, जड लोखंडी पेट्या. आत वारा आणि हवेचा दाब मोजणारी यंत्रं. टोर्नेडो ज्या वाटेने येईल त्या रस्त्यावर एकेक कासव ठेवत जायचं आणि तो पोचायच्या आत पळायचं. जमिनीलगत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, टोर्नेडोच्या पोटात वारा कसा फिरतो हे वेंडेलला मोजायचं होतं, कारण घरं तिथंच मोडतात. त्यासाठी कासव बरोबर पोटाखाली यायला हवं. जरा डावीउजवीकडे राहिलं की दिवस वाया. इतक्या वर्षांत ते एकदाही जमलं नव्हतं. त्या दिवशी जमायचं होतं, पण डेलने तोंड उघडलं, ट्रक वळला, आणि थोड्या वेळाने टोर्नेडोची एक देखणी, सावकाश चालणारी सोंड नेमकी त्या रिकाम्या रस्त्यावरून गेली. टोर्नेडोंच्या मागे धावणाऱ्या हौशी लोकांनी तिचे फोटो पोटभर काढले.

कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डेलच्या ट्रकमधल्या आरशाला एक पिवळी रबरी कोंबडी लटकत होती. दाबली की चिरकायची. गुरांच्या खाद्याच्या दुकानातून ती आणली होती ओपलने. भाऊ धड जेवत नव्हता, त्याला हसवावं एवढंच तिच्या मनात होतं, आणि तो हसलाही. मग सगळेच हसले. ट्रकमध्ये त्याच्याशेजारी बसणाऱ्या मेविसने कोंबडीचं नाव लर्लीन ठेवलं, आणि लर्लीन तिथे कायमची राहायला आली.

चेष्टेची कुचेष्टा कधी झाली ते ओपलला कळलंही नाही. कळलं ते यंदा एप्रिलमध्ये. डेल आता वादळाखाली उगाच रेंगाळायला लागला होता. काचेवर खडे आपटायला लागले तरी पेटी सरळ करत बसायचा. "याला हल्ली कॉलर धरून ट्रकमध्ये कोंबावं लागतं," मेविस जेवताना कौतुकाने सांगायची. मेविस ट्राउटमन वर्षभर शाळेत विज्ञान शिकवायची आणि शाळा सुटायची वाट न पाहता रजा टाकून इथे यायची. ती कशाला घाबरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. सगळे हसायचे, आणि ओपल भावाकडे बघत राहायची.

एकदा तिने भावाला गाठलंच.

"ती कोंबडी काढून टाकते मी."

"राहू दे."

"अरे, मी गंमत केली होती, डेल."

"मग गंमतच राहू दे की. आता काढलीस तर सगळ्यांना वाटेल, याला लागलं."

ओपलला त्या दिवशी पुरतं कळून चुकलं, की हा मेला तरी आता "घरी" हा शब्द तोंडातून काढणार नाही. आणि ही करणी तिची होती. आईकडून फोन आला की "डेल बरा आहे ना?" या प्रश्नाला ती घाईघाईने हो म्हणायची आणि दुसरा विषय काढायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, चौघं वेल्टन गावच्या चौकातल्या हॉटेलात नाश्त्याला बसले होते. वेंडेल निवृत्त होणार होता. तो गेल्यावर कासवं कुठल्या तरी गोदामात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"आज आहे," वेंडेल नकाशावर कॉफीचा मग ठेवत म्हणाला. "पश्चिमेकडून कोरडी हवा सरकतेय. दक्षिणेची ओल तर इथंच येऊन बसली आहे. सकाळी खोलीचं दार उघडलं तर चष्म्यावर वाफ."

"शेवटच्या दिवशी देव पावला म्हणायचा," मेविस म्हणाली. "महिनाभर कुठे शेण खात होता कोण जाणे. काय रे डेल, लर्लीनला भरवलंस का?"

"ती तुझ्या ताटातलं खाते. म्हणून तर तुझी ही अवस्था."

"कुठली अवस्था?"

"हाडं निघालीत."

मेविसने आपल्या भरल्या अंगाकडे सावकाश एक नजर टाकली. "ऐकलंत का वेंडेल? या पोराला नजरेचा चष्मा घ्या आणि मग वादळाखाली पाठवा."

डेल हसला. पण त्याच्यासमोरची पावासारखी जाड बिस्किटं तशीच होती आणि वरच्या ग्रेव्हीवर साय धरली होती. ओपल ते ताट पाहत राहिली.

बाहेर गाडीपाशी वेंडेल तिला म्हणाला, "एक कासव, ओपल. एकच मधोमध सापडलं तरी मी सुखाने भाजीचे वाफे खणत बसेन."

"सापडेल."

"सापडेल," तो म्हणाला आणि टोपी सारखी करत आकाशाकडे बघायला लागला. आकाशात अजून काहीच नव्हतं.

दुपार अशा दिवशी जाते तशी गेली. एका पेट्रोल पंपाच्या सावलीत गाड्या लावायच्या आणि वाट बघायची. दक्षिणेचा वारा टोप्या उडवत होता. हौशी मंडळींच्या गाड्यांची रांग रस्त्यापलीकडे वाढत चालली होती. कुणी गाडीच्या टपावर बसलं होतं, कुणी आइस्क्रीम खात होतं. डेल ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. ओपल त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"टरफलं वाऱ्याच्या दिशेने टाक रे. माझ्या केसांत येतायत."

"वारा तुझं खातं आहे. सांग त्याला."

डेलने आणखी दोन बिया फोडल्या. मग तोच म्हणाला, "आपल्या अंगणातलं बीळ आठवतं?"

त्या भागात घराबाहेरच्या वादळी तळघराला लोक भित्र्याचं बीळ म्हणतात, आणि भोंगा वाजला की म्हणणारेच आधी उतरतात.

"आठवतं तर. तू सगळ्यांच्या आधी आत. काळोखात तुझा तो श्वास ऐकू यायचा, भात्यासारखा."

"बाबा काय म्हणायचे? बिळाचं दार उघडं ठेवा, शूर लोकांना घाईत कडी सापडत नाही."

दोघंही हसले, आणि ओपलला वाटलं, हीच वेळ आहे. बोलून टाकावं. "डेल, आज जर तुला काही वाटलं—"

"काय वाटलं तर?"

त्याने विचारलं ते साधंच. पण तोंडातली बी फोडायचा थांबला होता. ओपलचा धीर सुटला. "काही नाही. पेट्यांच्या बॅटऱ्या बघून घे."

"बघितल्यात," तो म्हणाला आणि टरफल वाऱ्याच्या दिशेने टाकलं. ओपल उठून आपल्या गाडीकडे गेली आणि जाताना स्वतःला मनातल्या मनात नाही नाही ते बोलली.

चारच्या पुढे पश्चिमेला ढगांचे खांब उठले, आणि त्यांतला एक बाकीच्यांना खाऊन एकटा उरला. तासाभरात त्याचा माथा सपाट होऊन सगळ्या आकाशावर पसरला. ओपलने रडारच्या पडद्यावर त्याची हालचाल पाहून एक रस्ता निवडला: उत्तर-दक्षिण सरळ जाणारा, खडी टाकलेला, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू. डेलने उत्तरेकडून सुरुवात करायची, पाच कासवं टाकत दक्षिणेकडे यायचं, आणि शेवटचं टाकून तसंच पुढे डांबरी रस्त्याला लागायचं. ती आणि वेंडेल पूर्वेला लांब, एका चढावर थांबले. तिथून सगळं दिसत होतं. त्यांच्या डोक्यावर निळं आभाळ होतं आणि वेंडेलच्या टोपीवर ऊन पडलं होतं.

ढगाच्या पोटातून आधी एक बोट आलं, मागे गेलं, मग हात आला. हात जमिनीला टेकला तेव्हा खालची लाल माती उठली.

"टेकला," वेंडेल म्हणाला.

"पहिलं खाली," वायरलेसवर मेविसचा आवाज आला. "लर्लीन विचारतेय, जेवायला कुठे जायचं."

"तिला सांग, आधी काम," वेंडेल म्हणाला आणि तेवढ्यातही हसला.

"दुसरं खाली."

मग पाऊस आला. टोर्नेडोच्या मागून पावसाचा पडदा सरकत आला आणि त्याने सोंड गुंडाळून टाकली. दिसत होती ती आता फक्त एक पांढुरकी भिंत, आणि आत काहीतरी काळं असल्याची शंका. ओपलने रडारच्या पडद्याकडे पाहिलं. पण पडद्यावरचं चित्र काही मिनिटांपूर्वीचं असतं, आणि काही मिनिटांत जगाचं काय होतं ते त्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून तर तुकडीत रिवाज असा होता की पडद्यापेक्षा डोळ्याचं ऐकायचं. जो जवळून बघतोय त्याचं.

"डेल, तुला तो दिसतोय का?" तिने विचारलं.

उत्तर मेविसने दिलं. "मधूनमधून. तिसरं खाली. रस्ता निसरडा झालाय. चौथ्याकडे निघालो." एरवी ती असं वर्गात हजेरी घेतल्यासारखं बोलत नसे. ओपलने ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं लक्ष मागे डेल काही म्हणतोय का याकडे होतं.

आणि मग वायरलेसवर तो आवाज सुरू झाला.

कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी माइकचं बटण दाबून धरलं होतं. वायपर सटासट फिरत होते, पत्र्यावर गारा वाजत होत्या, आणि ट्रक खड्ड्यात आदळला की आरशाची कोंबडी चिरकत होती. या सगळ्याच्या अलीकडे, अगदी माइकजवळ, कुणाचा तरी श्वास चालला होता. आत, बाहेर. भात्यासारखा.

"माइकवर बसलंय कुणीतरी," वेंडेल म्हणाला. हे व्हायचं कधी कधी. माइक सीटवर पडायचा आणि कुणी त्यावर बसायचं.

"नाही," ओपल म्हणाली.

बसलेल्या माइकमधून श्वास असा ऐकू येत नाही. हा माइक तोंडाशी धरलेला होता. कुणाला तरी काहीतरी बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. कुणाला, याबद्दल ओपलला तिळमात्र शंका नव्हती. तो श्वास तिने लहानपणी बिळातल्या काळोखात ऐकला होता.

"डेल, बटण सोड," ती म्हणाली. "डेल!"

"त्यांना ऐकू जाणार नाही. दाबलेलं असेपर्यंत आपलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

हे तिलाही माहीत होतं. तिने फोन उचलला. त्या भागात फोनला कधीच रेंज नसायची, आजही नव्हती. पावसाची भिंत रस्त्याकडे सरकत होती. कोंबडी चिरकली. ओपलला वाटलं, आपण ती कोंबडी त्याच्या गळ्यातच बांधली. तो शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला आहे आणि समोर ती पिवळी लटकते आहे. बोलला तर आणखी एक वर्ष लर्लीन, आणि न बोलला तर काय, हे तिच्याने मनातही धरवेना. सोड, ती पुटपुटली. नाही बोलायचं तर नको बोलू, पण बटण सोड बाळा, म्हणजे मला बोलता येईल.

खट् झालं. आवाज बंद पडला.

ओपलने माइक ओठांना लावला. डेलच्या गाडीसाठी तो शब्द तिला म्हणता येत नव्हता. ज्या गाडीत बसलात त्या गाडीपुरताच तो म्हणायचा. पण पुढची गाडी घरी निघाली तर मागच्यांनी थांबायचं नाही, कारण मग त्यांच्यासाठी लांबून बघणारं कुणी उरत नाही.

"पुढची गाडी," ती म्हणाली, "घरी."

वेंडेलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग काचेतून वर पाहिलं. वर निळं आभाळ होतं आणि एक घार निवांत फिरत होती. त्याचा हात गाडीच्या किल्लीवर जाऊन क्षणभर थांबला. त्याच्या आयुष्यातला शेवटचा टोर्नेडो समोर, रस्त्यावर तीन कासवं खाली आणि दोन बाकी, आणि शेजारची बाई उन्हात बसून घरी म्हणते. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी वळवली. विचारलं काही नाही.

"घरी, समजलं," वायरलेसवर मेविस म्हणाली. ओपलने बटण सोडताच म्हणाली.

डांबरी रस्त्यावर बरंच पुढे येऊन वेंडेलने गाडी कडेला घेतली. मागून, उत्तरेकडून वळसा घालून, ट्रक येताना दिसला, दिवे लावलेला, चिखलाने माखलेला, धडधाकट. ओपलने कपाळ डॅशबोर्डवर टेकलं. वर पाहिलं तेव्हा वेंडेल खाली उतरून टोपी हातात घेऊन उभा होता. पावसाचा पडदा फाटला होता आणि टोर्नेडो बाहेर आला होता, जाडजूड, दुधाळ मातीच्या रंगाचा, गव्हातून चालत. त्याने खडीचा रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या शेतात बारीक होत होत दोरीसारखा तुटला. वेंडेल तो तुटेपर्यंत उभा राहिला. मग टोपी घालून म्हणाला, "चला, पेट्या आणायच्या आहेत."

संध्याकाळच्या उन्हात तिन्ही कासवं होती तशी होती. त्यांच्या पाठीवर गव्हाच्या ओल्या काड्या चिकटल्या होत्या. टोर्नेडो त्यांच्या दक्षिणेकडून गेला होता. त्याची वाट सरळ दिसत होती: कुंपण गेलेलं, रस्त्यावरची खडी खरवडून निघालेली, खालची लाल माती उघडी. चौथं कासव जिथे ठेवायचं होतं ती जागा त्या खरवडलेल्या पट्ट्याच्या मधोमध होती.

डेल तिथे उभा राहिला. बुटाच्या टोकाने माती उकरत म्हणाला, "वेळ होता."

तिथून दक्षिणेला, ज्या वाटेने त्यांनी पळायचं होतं तिथे, शेताला पाणी देणाऱ्या यंत्राचा लांबलचक लोखंडी सांगाडा रस्त्यात आडवा पडला होता. ओपलने तिकडे बोट केलं. "ते कधी पडलं कुणास ठाऊक."

"आम्ही मागे वळल्यावर."

"तू पाहिलंस?"

"वेळ होता, ओपल." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "तुमच्या डोक्यावर तर ऊन होतं."

नियमाच्या हद्दीत राहून यापेक्षा जास्त विचारता येत नाही. वेंडेल आणि मेविस लांब, पेटी उचलून ट्रकमध्ये चढवत होते. डेलने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुला माहीत आहे, आज मला काही वाटत नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा. हात थरथरत नव्हते. गाडी चिखलात सरकत होती आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं, कुठे थांबायचं, कुठून निघायचं. मी म्हणत होतो, आज पाचवं टाकतो आणि ती कोंबडी खिडकीतून भिरकावतो." तो थांबला. "एवढं ते तू घालवलंस."

"डेल, मला ऐकू आलं. बटण दाबून—"

"कसलं बटण? माझे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते."

ओपलने मान वळवली. ट्रकपाशी मेविस पेटी आत ढकलत होती. तिचा अंगठा तिने ओठांत धरला होता, लोखंडाखाली चिमटल्यासारखा. वेंडेल तिला काहीतरी म्हणाला, तिने मान हलवली आणि पुढची पेटी घ्यायला वाकली.

वेल्टनला परतले तेव्हा अजून उजेड होता. हॉटेलसमोर गाड्या लावल्यावर डेलने आपल्या ट्रकमधून कोंबडी सोडली, पुढच्या गाडीचं दार उघडलं आणि तिच्या आरशाला ती नीट गाठ मारून बांधली. रागाने नाही, एखादं उरलेलं काम उरकावं तशी. "हंगाम संपला," तो म्हणाला. "लर्लीनने घर बदललं." आणि आत गेला.

एरवी अशा वेळी सगळ्यांत मोठ्याने मेविस हसायची. आज ती दारात उभी राहिली आणि सगळ्यांच्या शेवटी आत आली.

टेबलावर तळलेला मासा आला, गोड चहाचे ग्लास आले. वेंडेलने वाफ्यांचं बोलणं काढलं, टोमॅटोला कीड फार लागते वगैरे. डेल हो ला हो करत होता. खिडकीतून पुढची गाडी दिसत होती आणि काचेआड पिवळं काहीतरी. कोंबडी आपल्या आरशाला लागली याचं ओपलला काही नव्हतं. ती तिचीच होती, परत आली. पण तो श्वास तिच्या कानातून जात नव्हता. इतका ओळखीचा वाटला होता. बिळातल्या काळोखात माणसं सगळी सारखाच श्वास घेतात, हे तिला आता सुचत होतं.

मेविस मध्येच उठली आणि बाहेर गेली. तिघांनीही खिडकीतून पाहिलं. तिने पुढच्या गाडीचं दार उघडलं, आरशाशी खटपट केली. डेलची गाठ पक्की होती, तिला वेळ लागला. मग कोंबडी पायाला धरून ती आत आली, बसली, आणि आपल्या ताटाशेजारी तिने ती ठेवली.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी कशी?" डेल म्हणाला. "तू काय—"

"डेल," वेंडेल म्हणाला. आवाज चढवला नाही. फक्त नाव घेतलं.

डेल थांबला. तो मेविसकडे पाहत राहिला, मग टेबलावर पडलेल्या तिच्या उजव्या हाताकडे. अंगठ्याच्या पेराला माइकच्या बटणाची चौकोनी खूण अजून होती, लालसर, काठ उमटलेले. इतका वेळ आणि इतक्या जोराने तिने ते दाबलं होतं. मेविसने हात मागे घेतला नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"मी सगळ्यांत जास्त हसले होते ना," ती म्हणाली. "गेल्या वर्षी."

ओपलला वाटलं, आपलं थोबाड आपणच फोडून घ्यावं. वर्षभर ती भावाची काळजी करत होती. कोंबडी डेलच्या आरशाला बांधली होती, पण त्या ट्रकमध्ये बसणारी माणसं दोन होती.

डेलने आपलं ताट सरकवलं. त्याला राग यायला हवा होता, आणि तो आलाही असेल. पाचवं कासव, वेंडेलचा शेवटचा दिवस, सगळं तर गेलंच होतं. त्याने कोंबडी उचलली. ती त्याच्या मुठीत एकदा चिरकली तसे शेजारच्या टेबलावरचे लोक हसून वळले. त्याने ती मेविसच्या हातात परत दिली नाही आणि बहिणीच्याही नाही. टेबलावरची सुरी घेऊन त्याने कोंबडीचं पोट चिरलं, आतली शिट्टी बाहेर काढली आणि ग्लासाशेजारी ठेवली.

"खा," तो मेविसला म्हणाला. "हाडं निघालीत तुझी."